गुनाह आणि गुन्हा

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. उर्दू-फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांचा तास असला की 'गुन्हा' या शब्दापाशी मुलं हमखास अडकतात. घरी आणि मकतबमध्ये त्यांनी 'गुनाह' ऐकलेला असतो. खोटं बोलणं गुनाह, अम्मीला उलट उत्तर देणं गुनाह. मराठीत मात्र गुन्हा पोलीस दाखल करतात. त्याला उर्दूत 'जुर्म' म्हणतात. एकदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग खोटं बोललं तर पोलीस धरतात का?" सगळा वर्ग हसला.

गेले दोन महिने आमच्या मोहल्ल्यात जे चाललंय ते पाहून वाटतं, मोठी माणसंही त्या मुलाइतकीच गोंधळलेली आहेत. मशिदीच्या मागच्या गल्लीत एका बाईने खोली भाड्याने घेतली. तिच्याकडे कोण कोण येतं यावर नजर ठेवायला काही तरुणांना भरपूर वेळ मिळाला. मग बैठक झाली. "तिला आजच बाहेर काढा," असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, "काढता येणार नाही, सुप्रीम कोर्टाने हा धंदा कायदेशीर केलाय." माझे शौहर बैठकीला होते. घरी येऊन त्यांनी मला विचारलं, खरं काय आहे?

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी आदेश दिला हे खरं. पण तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरलं ते त्यात नव्हतं. या बायकांना पोलिसांनी माणसासारखं वागवावं, त्यांच्याकडे निरोध सापडला म्हणून तो पुरावा धरू नये, प्रसारमाध्यमांनी त्यांचे चेहरे दाखवू नयेत, सज्ञान बायकांना सुधारगृहात मर्जीविरुद्ध डांबून ठेवलं असेल तर त्यांची सुटका व्हावी, त्यांना आधार कार्ड मिळावं. एवढ्यावरून 'कोर्टाने परवाना दिला' असा गवगवा झाला.

मूळ कायदा १९५६ चा. गंमत अशी की सज्ञान बाईने पैसे घेऊन संबंध ठेवणं हा या कायद्यात गुन्हाच नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२० मध्ये तीन बायकांना सोडताना हेच सांगितलं होतं. गुन्हा आहे तो भोवतालच्या गोष्टींचा. कुंटणखाना चालवणं, मुली आणणं, गिऱ्हाईक बोलावणं, आणि प्रार्थनास्थळ, शाळा किंवा इस्पितळापासून २०० मीटरच्या आत हा व्यवहार करणं. आमच्या बैठकीत हे २०० मीटर सगळ्यांना तोंडपाठ होते. मशिदीपासून अंतर मोजायला एक जण टेपही आणणार होता.

त्याच कायद्यातली दुसरी दोन कलमं मात्र कोणाला ठाऊक नव्हती. कलम ८ प्रमाणे बाईने उघड्यावर गिऱ्हाईक बोलावलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. तेच पुरुषाने केलं तर सात दिवस ते तीन महिने. जो पुरुष पैसे देऊन निघून जातो, त्याच्यासाठी तर या कायद्यात फारसं काहीच नाही. त्या २०० मीटरमध्ये किंवा जाहीर केलेल्या भागात सापडला तरच तो अडकतो. २००६ मध्ये दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात कलम ८ काढायचं आणि गिऱ्हाइकालाही शिक्षा करायची असं होतं. ते संसदेत तसंच पडून संपलं.

कलम ४ याहून वाईट आहे. अशा बाईच्या कमाईवर जगणारी १८ वर्षांवरची कोणतीही व्यक्ती दोन वर्षांपर्यंत तुरुंगात जाऊ शकते. तिच्यासोबत राहते एवढं सिद्ध झालं तरी ती तिच्या कमाईवर जगते असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करणं त्या व्यक्तीवर. हे कलम दलालासाठी लिहिलं गेलं असणार. पण 'कोणतीही व्यक्ती' यात तिची म्हातारी आई येते, आणि अठरा पूर्ण झालेलं तिचं मूलही.

माझ्या मनात याविषयी शंका नाही: जिना हराम आहे आणि तो धंदा म्हणून करणंही हराम आहे. जर्मनीत २००२ मध्ये केला तसा कायदा इथे करावा, कुंटणखान्याला दुकानाचं लायसन्स द्यावं, असं मी कधीच म्हणणार नाही. मुली विकत आणणाऱ्याला दयामाया नको. पण त्या बाईला गुन्हेगार ठरवणं बंद झालं पाहिजे, असं माझं मत आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते कळत नाही. "म्हणजे तुम्ही हरामचं समर्थन करता?" असं एका भगिनीने मला विचारलं.

त्यांनी सूरह नूर पुन्हा वाचावी. तिच्या ३३व्या आयतीत दासींना देहविक्रयाला भाग पाडू नका असं मालकांना बजावलं आहे. तफ्सीरकार सांगतात की मदीनेतला अब्दुल्लाह बिन उबई आपल्या दासींकडून हे करून घेत होता आणि पैसे स्वतः ठेवत होता, त्यावर ही आयत आली. बजावणी कोणाला आहे पाहा, आणि क्षमा व दयेचा उल्लेख कोणासाठी आहे तेही पाहा. त्याच सूरहच्या सुरुवातीला, चार साक्षीदार नसताना पाकदामन बाईवर आळ घेणाऱ्याला ८० कोडे सांगितले आहेत. खिडकीतून नजर ठेवून निष्कर्ष काढणाऱ्या आपल्या तरुणांना ही आयत कोणी शिकवलीच नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याबद्दल एका वेश्येला क्षमा मिळाल्याची हदीस मात्र सगळ्यांना पाठ आहे. तिच्यावर जुम्म्याचं बयान ऐकून लोक रडतातही.

"वस्तीवर परिणाम होतो त्याचं काय?" हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. संध्याकाळी परक्या पुरुषांची वर्दळ सुरू झाली की शिकवणीहून येणाऱ्या मुलीला रस्ता बदलावा लागतो. नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीभोवतालच्या रहिवाशांची तक्रार हीच होती आणि ती खोटी नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी तो भाग बॅरिकेड लावून सील केला. तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या. पण रस्ते बंद झाले म्हणून बायका हवेत विरून जात नाहीत. त्या कुठेतरी खोली घेतात. जिथे घरमालक फार विचारत नाही आणि भाडं परवडतं, अशी खोली बहुतेक वेळा आपल्यासारख्याच मोहल्ल्यात असते. आणि पोलिसांना भिणारी बाई मारहाण झाली, लुबाडलं गेलं, कोणी चौदा वर्षांची पोर आणून बसवली, तरी सांगायला जात नाही. ती बोलली असती तर त्या पोरीचा पत्ता लागला असता. वस्तीचं नुकसान मला इथे जास्त दिसतं.

गिऱ्हाइकाला शिक्षा असावी का? स्वीडनने १९९९ मध्ये तसा कायदा केला: विकणारी सुटते, घेणारा अडकतो. माझ्यातल्या आईला तो पटतो. पण सांगलीत संघटित झालेल्या बायका वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की पुरुष घाबरला की तो काळोखात, घाईत, त्याच्या जागी बोलावतो, आणि जिवावर बेततं बाईच्या. न्यूझीलंडने २००३ मध्ये वेगळी वाट धरली, दोघांवरचेही गुन्हे काढले. माझा निर्णय झालेला नाही.

आमच्या बैठकीत एकच गोष्ट कोणी विचारली नाही: ती बाई इथवर आली कशी? मी विचारून आले. एकोणिसाव्या वर्षी लग्न, सहा वर्षांनी तलाक, माहेरी भावांनी घरातला हिस्सा दिला नाही. कुरआनने तिचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. तो बुडवणाऱ्या भावांना मशिदीपासून किती मीटरवर ठेवायचं, हे कोणी टेपने मोजत नाही. जकातीच्या यादीतही तिचं नाव नव्हतं. "चौकशी करून घालू" असं तिला सांगितलं होतं.

मला ती आधीपासून माहीत होती. तिच्या मुलाला आमच्या शाळेत पाचवीला घातलं, तेव्हा प्रवेशाचा फॉर्म मीच भरला होता. "बाप के खाने में मेरा ही नाम डाल दो, बाजी," ती म्हणाली होती. मुलगा आता बारावीला आहे, मराठीत बरे गुण घेतो. जून महिन्यात त्याला अठरा पूर्ण होतील. त्याने कलम ४ कुठूनतरी वाचलं आहे. परवा शाळेत येऊन मला विचारत होता, तोपर्यंत वसतिगृहात जागा मिळेल का.