घरापुरते साखरेचे रेशन

रेशन म्हटले की आपल्याला रांग, मळलेले कार्ड आणि खडे निवडायचे तांदूळ आठवतात. पण ज्या ब्रिटनमध्ये आपण संसार थाटले, तिथेही ८ जानेवारी १९४० पासून जुलै १९५४ पर्यंत रेशन होते. सौ.च्या परवानगीने (अर्ध्या मनाने दिलेल्या) आम्ही चौघांनी अलीकडे एक आठवडा त्या मापाने स्वयंपाक केला.

मापे वरखाली होत, पण साधारणपणे माणशी आठवड्याला साखर ८ औंस, लोणी २ औंस, मार्गारीन ४ औंस, चहा २ औंस, दूध ३ पिंट आणि अंडे एक. शाकाहारी माणसाला मांसाऐवजी जादा चीज मिळे, तो लाभ आम्ही घेतला. बटाटे, गाजर, कोबी हवे तेवढे. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या नावाचा, सॅव्हॉय हॉटेलच्या आचाऱ्याने बसवलेला भाज्यांचा पायही केला. मुलांनी लोणच्याची बरणी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याच भाज्यांना हिंग-मोहरीची फोडणी दिली आणि पातेले रिकामे झाले.

खरा धडा साखरेचा. ८ औंस म्हणजे २२७ ग्रॅम, दिवसाला सुमारे ३२. प्रत्येकाच्या नावाची बरणी ओट्यावर ठेवली. दिवसाला तीन कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे २४ ग्रॅम तिथेच गेले. कोलाच्या एका डब्यात ३५ ग्रॅम असते! आज एनएचएस मोठ्या माणसाला दिवसाला वरून घातलेली साखर ३० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. जहाजे अडली म्हणून ठरलेले माप आजच्या वैद्यकीय मापाच्या इतके जवळ असावे, याची गंमत वाटते. (जॅम व गोळ्या-चॉकलेटचे रेशन तेव्हा वेगळे असे.)

साखरेचे रेशन सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. त्याच्या आधी व नंतर जन्मलेल्यांची तुलना करणारे संशोधन २०२४ साली 'सायन्स' नियतकालिकात आले. गर्भात असल्यापासून दोन वर्षांचे होईपर्यंत ज्यांना रेशनचीच साखर लाभली, त्यांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला. आपल्या लोकांना हा मधुमेह गोऱ्यांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनावर गाठतो. तेव्हा ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे किंवा हलणार आहे, त्यांनी हा आकडा मनावर घ्यावा. आजी-आजोबांनीही!

"आम्ही गूळ खातो," असे कोणी म्हणेल. गूळ, मध, फळांचा डबाबंद रस, सगळे त्याच बरणीत मोजायचे. "गोड कमी करू" हा निश्चय चार दिवस टिकतो. रिकामी बरणी मात्र कोणाशी वाद घालत नाही. संगणकाच्या धंद्यात राहून मला निश्चयापेक्षा मर्यादेवर जास्त भरवसा वाटू लागला आहे. सणाचे काय? युद्धात बायका केकसाठी साखर साठवत. आपण श्रीखंडासाठी साठवू. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

खर्चाचे म्हणाल तर बिस्किटे व रसाचे डबे वगळल्यानेच त्या आठवड्याचे बिल उतरले.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक सूचना: येत्या कार्यक्रमापासून चहा बिनसाखरेचा करावा आणि साखर चमच्यासह बाजूला ठेवावी. पहिल्या दिवशी कुरकुर ऐकायला मी स्वतः चहाच्या टेबलापाशी उभा राहीन.