परसातली वांगी आणि आमचा हिशेब

पदवी वर्गाला राष्ट्रीय उत्पन्न शिकवीत असता एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, घरामागे लावलेली वांगी घरीच खाल्ली, तर ती राष्ट्रीय उत्पन्नात धरतात का?" धरतात, असे मी सांगितले. शेतमाल विकला न विकला, तरी त्याचे मूल्य धरावे, असा संकेत आहे. "मग ती लावणारी आई श्रमशक्तीत धरतात का?" या दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देताना मला थोडी शरम वाटली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात गृहिणींसाठी 92 आणि 93 असे दोन संकेतांक आहेत. केवळ घरकाम करणारी ती 92. घरकामाबरोबर भाजीपाला किंवा सरपण गोळा करणारी, घरापुरते शिवणारी ती 93. दोघीही श्रमशक्तीच्या बाहेर! 2011-12 च्या 68 व्या फेरीत अशा स्त्रियांना परसबाग सांभाळता काय, असा पुरवणी प्रश्नही विचारला गेला होता. म्हणजे वांगे हिशेबात आले. वांगे पिकविणारी मात्र बाहेरच राहिली.

हा प्रश्न ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे शेजारच्या मावशी होत्या. छत्रपती संभाजीनगरातल्या (पूर्वीच्या औरंगाबादेतल्या) छावणी भागात आमची घरे लागून आहेत. मावशी मूळच्या वसईच्या. यजमानांच्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. अंगण जेमतेम खोलीएवढे, पण त्यात अळू आहे, शेवगा आहे, मोगरा आहे, आणि मराठवाड्याच्या उन्हात हट्टाने जगविलेली केळीही आहे. ज्या शहरात नळाला वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी आले, तिथे ही बाग धुण्याभांड्यांच्या पाण्यावर उभी आहे. एकेकाळी मलिक अंबरच्या नहरीने ज्या गावाला पाणी पुरविले, त्या गावावर ही पाळी यावी, याबद्दल मावशींची मते तिखट आहेत. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून झाले की झारी हातात घेऊन त्या कुंपणापलीकडून ती मला ऐकवितात.

मावशी जुन्या वळणाच्या आहेत. रविवारची प्रार्थना चुकत नाही, संध्याकाळी घरात जपमाळ होते, कर्ज काढून लग्न करणे त्यांना पाप वाटते, आणि घटस्फोटाविषयीची त्यांची मते ऐकून माझी पत्नी त्यांच्याशी वाद घालते. माझ्यासारख्या, महाविद्यालयीन वयात पुरोगामी विचारांवर वाढलेल्या माणसाने अशा बाईंना 'सनातनी' म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. मीही काही वर्षे तेच केले. भाजीची वाटी घ्यावी आणि मत ऐकून न ऐकल्यासारखे करावे, अशी माझी रीत होती.

ती बदलली 2020 च्या जानेवारीत. त्या वर्षीचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष झाले. ते धर्मगुरू आहेत एवढ्याच कारणाने काही मंडळींनी त्यांच्या निवडीला विरोध केला होता. मी मावशींचे सांत्वन करावयास गेलो, तर त्यांना त्या विरोधाचे फारसे सोयरसुतक दिसले नाही. त्या म्हणाल्या, "सर, आमच्याकडे फादरांना लोक पुस्तकांआधी वाडीमुळे ओळखतात." वाडी म्हणजे तिकडे वस्ती नव्हे, बागायत.

1988 साली शासनाने वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचे पाऊल उचलले आणि 1990 साली त्या भागाचे नियोजन सिडकोकडे सोपविले. त्याविरुद्ध दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. केळी, पानवेली, फुले, भाजी यांवर जगणाऱ्या गावांतले स्त्री-पुरुष रस्त्यावर आले. मावशींची आई त्यांत होती. पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी मुंबईला नेऊन विकणाऱ्या बाया त्या. सभा-समित्यांशी त्यांचा संबंध एरवी आला नसता. परंतु विहिरींतून टँकर भरले जाऊ लागले की किनाऱ्यालगतच्या जमिनीत खारे पाणी शिरते, हे कळण्यास त्यांना कोणा तज्ज्ञाचा अहवाल लागला नाही. केळीचे पान करपलेले त्यांनी पाहिले होते.

येथे मला मावशींनी सांगितलेली बायबलातली एक कथा आठवते. मळ्यातले अंजिराचे झाड तीन वर्षे फळ देत नाही. मालक म्हणतो, तोडून टाका, उगाच जमीन अडवून बसले आहे. माळी विनवितो की आणखी एक वर्ष थांबा, मी आळे करतो, खत घालतो. मी अर्थशास्त्राचा माणूस. मला मालकाचे म्हणणे प्रथम पटले. पर्यायी वापरातून जे मिळाले असते, ती त्या जमिनीची खरी किंमत, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवितो. वसईची वाडी तोडून इमारत उभी करा, असे सांगणाऱ्या प्रत्येकाने हाच सिद्धांत मांडला, आणि आकड्यांत तो चुकीचा नव्हता. मात्र माळ्याचा हिशेब वेगळ्या मुदतीचा असतो. त्याला झाडाशी नाते आहे म्हणून तो थांबतो, असे नव्हे. झाड कसे वाढते हे त्याला ठाऊक आहे म्हणून थांबतो. मावशींचा सनातनीपणा मला त्या दिवशी या माळ्याच्या जातीचा वाटला. जे राखायचे ते राखायचे, मग ती रविवारची प्रार्थना असो की विहीर. यातले पहिले आपण जुनाट म्हणतो आणि दुसऱ्याला पर्यावरण म्हणून परिसंवाद भरवितो.

अर्थात या जुन्या वळणाची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. पुष्कळ वाड्या कोणी हिसकावल्या नाहीत, मालकांनीच विकल्या. सही करणारा बहुधा पुरुष होता. पाटीची रोकड मात्र बाईच्या कनवटीला येत होती, आणि वाडी गेली की बंद होणार होती ती तिचीच मिळकत. मावशींनीही लग्नानंतर भावांना हक्कसोडपत्र लिहून दिले. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने, वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. केरळातल्या ख्रिस्ती स्त्रियांना तो मिळविण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि 1986 साली निकाल लागला. मावशींकडे तो आधीपासून होता. त्यांनी तो रीत म्हणून सोडला. "माहेर तुटले असते, सर," एवढेच त्या म्हणतात. पुढे वाडी विकली गेली, तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. कायद्याने विचारण्याचे कारणही उरले नव्हते. यावर मावशींचे आणि माझे एकमत नाही. भावाबहिणींचा व्यवहार हिशेबाने तोलू नये, असे त्यांना वाटते. मला वाटते, माळ्याचा शब्द मालक ऐकत नसेल, तर माळ्याच्या नावाची नोंद सातबाऱ्यावर असावी. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाट-धारकांपैकी स्त्रिया सुमारे 14 टक्के होत्या. शेतात राबणाऱ्या बायकांकडे पाहता हा आकडा हास्यास्पद आहे, आणि त्यात धर्माधर्माचा भेद फारसा नाही. माझ्या स्वतःच्या बहिणीनेही पैठण तालुक्यातल्या जमिनीवरचा हक्क सोडला आहे. कागद मीच तिच्यापुढे ठेवला होता.

2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जातो. पुरुषांचा, जे करतात त्यांचा, 88 मिनिटे. हे मोजले जाऊ लागले, हे चांगलेच झाले. पण मोजणी तिथे थांबू नये. गृहिणी परसबाग राखत असेल, तर तिला 93 च्या खान्यात टाकून मोकळे न होता कामकरी म्हणून नोंदविले पाहिजे. हक्कसोडपत्र नोंदविताना दुय्यम निबंधकाने स्त्रीला एकटीला बसवून, त्या जमिनीची आजची किंमत आणि तिचा वाटा तिच्या भाषेत वाचून दाखविला पाहिजे. मग तिने सही करावी की न करावी, ते तिचे ती पाहील. मी हे मावशींना सांगितले, तेव्हा त्यांनी झारी खाली ठेवली आणि विचारले, "आणि तुमच्या बहिणीला कधी बोलावताय?"

दिवाळीत ती येणार आहे.