जन्मतारीख सांगितली की ओळख पटते?

मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला की ठरलेले प्रश्न येतात: पूर्ण नाव काय, जन्मतारीख कोणती, पत्ता काय, शेवटचा रिचार्ज कितीचा? उत्तरे जुळली की बोलणारा खरा ग्राहक ठरतो. या पद्धतीचा पायाच कच्चा आहे. ओळख पटवणारी गोष्ट ग्राहकाखेरीज कुणाला ठाऊक नसावी. ही माहिती तर गावभर झालेली असते. नाव, वय, वडिलांचे किंवा पतीचे नाव मतदार यादीत छापलेले असते. छत्रपती संभाजीनगरात वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कामाला लागणारा तरुण ठेकेदाराला, घरमालकाला आणि सिमकार्ड विकणाऱ्याला आधारची झेरॉक्स देतो. तिच्यावर जन्मतारीख आणि पत्ता दोन्ही असतात. रिचार्जचा आकडा तर रिचार्ज मारणाऱ्या दुकानदाराकडेच असतो.

त्याहून मोठा दोष असा की ही पडताळणी एकतर्फी आहे. कंपनी ग्राहकाला तपासते, पण कंपनीच्या नावाने फोन करणाऱ्याला ग्राहकाने कसे तपासायचे? ‘केवायसी अपूर्ण आहे, सिम बंद होईल’ असे दरडावणारा भामटा हेच प्रश्न विचारतो आणि सवय लागलेला माणूस उत्तरे देत जातो. मोबाइल बंद करण्याची धमकी देणाऱ्या फोनना बळी पडू नका, असा इशारा दूरसंचार विभागाला मार्च २०२४ मध्ये द्यावा लागला. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद आणि १ जुलै २०२४ पासून सात दिवस पोर्टिंग बंद, हे नियमही भामट्याच्या हाती नंबर जाण्याच्या भीतीतूनच आले. ते उपयोगी आहेत, पण सिम बदलून झाल्यावर लागू होतात.

‘लोक स्वतःच ओटीपी सांगतात, कंपनीचा काय दोष?’ असे विचारले जाते. पण फोनवर विचारले की सांगायचे, हे वळण कंपन्यांनीच लावले. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: नियम कडक केले तर सोयगावच्या म्हाताऱ्या माणसाने दर वेळी शहर गाठायचे का? नाही. कामांची प्रतवारी करावी. हरवलेल्या फोनचे सिम बंद करणे सोपेच असावे. चुकून बंद झाले तर ते पुन्हा सुरू करता येते. मात्र दुसरे सिम देताना चेहरा आणि कागद तपासलेच पाहिजेत, हवे तर घरी जाऊन. सिम घरपोच देण्याची मुभा २०२१ पासून आहेच. बाकी कामांसाठी ग्राहकाने स्वतः ठरवलेला पिन पुरे. आणि कंपनीने स्वतःहून फोन केला तर एकही खासगी प्रश्न विचारू नये, असा नियम दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने करावा.

तोवर वाचकांनी एवढे करावे: असा फोन आला की ठेवून द्यावा, शंका असल्यास आपणहून कंपनीचा तक्रार क्रमांक १९८ लावावा आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.