रोगाचे नाव अनिश्चित, निर्णय मात्र निश्चित!

सैन्यात भरती होऊ इच्छिणाऱ्या तरुणाची छाती मोजली जाते. डोळे, कान, दात तपासले जातात. त्याला धावावयास लावले जाते आणि मगच सरकारचाच डॉक्टर तो धडधाकट असल्याचा शिक्का मारतो. आठ-दहा वर्षांनी हाच जवान पोटदुखी, रक्तमिश्रित जुलाब आणि झपाट्याने घटणारे वजन घेऊन लष्करी रुग्णालयात दाखल होतो. खेड्यापाड्यांत ज्याला सरसकट संग्रहणी म्हटले जाते तसला हा विकार. त्याचे खरे नाव काय, येथूनच गुंतागुंतीस प्रारंभ होतो.

आतड्याचा क्षय आणि क्रोन्स डिसीज हे दोन्ही रोग बहुधा लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी बसतात. दोहोंत व्रण पडतात, आतडे आकुंचते, ताप येतो. दुर्बिणीतून पाहूनही अनेकदा अनुभवी डॉक्टरला त्यांतील फरक खात्रीने सांगता येत नाही. तुकडा काढून तपासला तर क्षयाची निर्विवाद खूण सापडतेच असे नाही आणि जंतूंची वाढ प्रयोगशाळेत होण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात पुष्कळ वेळा आधी क्षयाची औषधे सुरू केली जातात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले की नाहीत ते पाहिले जाते. नुसते बरे वाटणे हा पुरावा नव्हे, कारण क्रोन्सच्या रुग्णासही ह्या औषधांनी काही काळ बरे वाटू शकते. उलट क्रोन्स समजून स्टेरॉइड दिली आणि निघाला क्षय, तर रोग अंगभर फैलावण्याचा धोका! ह्या अनिश्चिततेबद्दल डॉक्टरांस दोष देण्याचे कारण नाही. ती शास्त्राची आजची मर्यादा आहे.

दोष सुरू होतो तो मेडिकल बोर्डाच्या टेबलावर. क्षय हा संसर्ग आहे. बराकीतील दाटीवाटी आणि सीमेवरील कष्ट यांच्याशी त्याचा संबंध नाकारणे कठीण. क्रोन्सचे मूळ कारण मात्र शास्त्रास पूर्णपणे ठाऊक नाही. आणि जे ठाऊक नाही ते जवानाच्या ‘प्रकृतीतलेच’ असले पाहिजे, असा शोध नोकरशाहीने लावलेला आहे. आतड्याचाच नव्हे, तर कोणत्याही अशा विकाराबाबत बोर्डाच्या कागदावर ठरीव इंग्रजी शब्द उमटतो : कॉन्स्टिट्यूशनल. (त्याचा अनुवाद ‘घटनात्मक’ असाही होऊ शकतो, पण घटनेने दिलेल्या कोणत्याही हक्काशी ह्या शिक्क्याचा संबंध नाही.) ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही’ एवढे एक वाक्य लिहिले, की अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न सरकारच्या दृष्टीने निकालात निघतो.

वस्तुतः १९८२ च्या नियमांचा रोख नेमका उलट होता. भरतीच्या वेळी जो रोग नोंदलेला नाही तो सेवेतच उद्भवला असे मानावयाचे. भरतीच्या तपासणीत तो आढळणे शक्यच नव्हते असे म्हणावयाचे असेल तर डॉक्टरांनी त्याची कारणे द्यावयाची. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला. १९८५ मध्ये भरती होऊन १९९४ मध्ये अपस्माराच्या कारणाने घरी पाठविल्या गेलेल्या धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी हेच नियम सरकारला वाचून दाखविले. बोर्डाने कारणे दिलेली नव्हती, जवान जिंकला. परंतु एकोणीस वर्षांनी!

टक्केवारीचे गणित तर आणखी विलक्षण. आतड्याचा हा रोग चढउताराचा. चार महिने माणूस अंथरुणाला खिळतो, पुढचे चार महिने चालता-फिरता असतो. बोर्ड त्याला पाहते ते एका दिवशी. त्या दिवशी तो बरा दिसला तर अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली भरते आणि मुदत संपवून निघणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. तेच २० टक्के भरले असते तर २० चे ५० धरण्याची सवलत आहे. ती मुदत पूर्ण करून जाणाऱ्यांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात मान्य केले. म्हणजे एका टक्क्याच्या फरकाने शून्य किंवा पन्नास! ज्याला आजारामुळे मुदतीपूर्वीच काढले जाते त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक धरलेच पाहिजे, असे त्याच वर्षी सुखविंदर सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले, हे ठीकच झाले. पण दुखणे लपवीत मुदत रेटणाऱ्या जवानाचे काय? लपविण्याचे कारण उघड आहे. वैद्यकीय श्रेणी घसरली की बढती अडते. शेतमजुराच्या वा अल्पभूधारकाच्या घरातून आलेला शिपाई पहारा देताना पोट आवळून धरतो आणि त्याची पहिली नोंद उशिरा होते. मग ह्या उशिराचाच आधार घेऊन त्याला नकार मिळतो.

सशस्त्र दल न्यायाधिकरणे २००९ पासून काम करीत आहेत. त्यांनी जवानाच्या बाजूने दिलेल्या निकालांविरुद्ध सरकार वरच्या न्यायालयात धाव घेत राहिले. संरक्षण मंत्र्यांनीच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये ही खटलेबाजी आवरण्याची शिफारस केली होती. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवा सोडणाऱ्यांसाठी नवे नियम आले. माजी सैनिकांनी त्यांना विरोध केला.

जोवर रोगाचे नाव ठरलेले नाही तोवर बोर्डाने ‘अनिश्चित’ असेच लिहावे, जवानास तात्पुरते निवृत्तिवेतन द्यावे आणि उपचाराची फलनिष्पत्ती पाहून पुन्हा तपासावे. नकार द्यावयाचाच असेल तर त्याची वैद्यकीय कारणे लिहून प्रत जवानाच्या हाती द्यावी, तीही त्याला वाचता येईल अशा भाषेत.