खापर हाइडच्या डोक्यावर

दिवसा हरिनाम सप्ताहाला देणग्या देणारा आणि रात्री गोरगरिबांच्या जमिनी बळकावणारा एखादा पुढारी पकडला गेला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘जेकिल आणि हाइड’ हे जोडनाव हमखास उगवते. ज्यांनी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ती छोटेखानी कादंबरी उघडूनही पाहिलेली नाही, त्यांनाही तिचे तात्पर्य तोंडपाठ असते. प्रत्येक माणसात एक देव आणि एक दानव असतो. दानवाला वेळीच आवरा, नाहीतर तो देवाला गिळून टाकतो. शाळेच्या भिंतीवर रंगवावे इतके हे सुटसुटीत आहे. माझी तक्रार एवढीच की ते कादंबरीत नाही. कादंबरी ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, त्याच्याच वकिलाने ते रचल्यासारखे वाटते.

आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही. डॉक्टर हेन्री जेकिल हा लंडनमधला पन्नाशीचा, सधन, दानधर्मासाठी प्रसिद्ध असलेला गृहस्थ. माणूस मुळात एक नसून दोन आहे, अशी त्याची खात्री होते आणि ते दोघे वेगळे करणारे रसायन तो शोधून काढतो. त्यातून बाहेर पडतो एडवर्ड हाइड: ठेंगणा, तरुण, पाहताक्षणी किळस यावी असा, पण त्याच्यात नेमके काय विद्रूप आहे हे कुणालाच सांगता येत नाही. तो रस्त्यात एका लहान मुलीला तुडवून पुढे जातो. पुढे सर डॅनव्हर्स केर्यू या वृद्ध, सज्जन खासदाराला काठीने ठेचून मारतो. हळूहळू हाइड वाढतो, जेकिल खंगतो. हा देवासुर संग्राम नाही तर दुसरे काय, असा या पक्षाचा सवाल आहे. षड्रिपूंचा साचा आपल्याकडे तयारच असल्यामुळे मराठी वाचकाला तर तो सहज पटतो.

पण माणूस दोन असतो, हे म्हणतो कोण? स्टीव्हन्सन नव्हे, जेकिल म्हणतो. कादंबरीची प्रकरणे दहा. पहिली आठ आपण वकील अटरसनच्या सोबतीने वाचतो, नववे डॉक्टर लॅनियनचे निवेदन आहे आणि दहावे खुद्द जेकिलचे. खून झालेला आहे, पुरावा गोळा झालेला आहे आणि आता आरोपी आपली कैफियत मांडतो आहे. त्या कैफियतीतले बचावाचे वाक्य उचलायचे आणि तोच न्यायाधीशाचा निकाल म्हणून शतकभर मिरवायचा, हा प्रकार आपल्या टीकाव्यवहारात बिनबोभाट चालू आहे. शिवाय ते वाक्यसुद्धा अर्धेच उचलले जाते. त्याच ओघात जेकिल पुढे म्हणतो की माझ्या ज्ञानाची धाव दोनापर्यंतच गेली. उद्या इतर शोधक दाखवून देतील की माणूस म्हणजे परस्परांशी न जुळणाऱ्या कितीतरी रहिवाशांची वस्ती आहे. देव-दानवांच्या जोडीला स्वतः जेकिलसुद्धा शेवटचा शब्द मानत नाही.

आता दुसरा मुद्दा, म्हणजे जेकिलचे देवपण. रसायन घेतल्यावर हाइड निघतो तो निव्वळ दुष्ट. मागे उरतो तो जेकिल मात्र निव्वळ सुष्ट नसतो, होता तसाच भेसळीचा राहतो. व्लादिमीर नाबोकोव्हने कॉर्नेल विद्यापीठातल्या व्याख्यानांत यावरच बोट ठेवले होते. रसायन स्वतः आसुरीही नव्हते आणि दैवीही नव्हते, त्याने फक्त कोठडीचे दार हलवले, अशी कबुली जेकिल देतो. त्या क्षणी मनात उदात्त हेतू असता तर देवदूतही बाहेर पडला असता, असेही म्हणतो. म्हणजे बाहेर कोण येणार हे औषधाने ठरवलेले नाही. ते घेणाऱ्याच्या इच्छेने ठरवले.

या सगळ्याहून बोलका प्रसंग रीजंट्स पार्कमधला आहे आणि देव-दानववादी त्याच्याकडे नेमकी पाठ फिरवतात. केर्यूच्या खुनानंतर जेकिलने रसायन सोडले आहे. तो पुन्हा दानधर्माला लागला आहे, दुःखितांसाठी खरोखरच झटतो आहे. हिवाळ्यातल्या एका स्वच्छ दिवशी उन्हात बाकावर बसून तो मनाशी हिशेब मांडतो: मी शेवटी इतरांसारखाच, किंबहुना मी लोकांसाठी काही करतो तरी, हे बाकीचे निष्काळजीपणे हातावर हात ठेवून बसतात. मनात हा विचार येतो आणि त्याच क्षणी मळमळून येते, अंग थरथरते, खाली पाहतो तर कपडे ढगळ झालेले आणि गुडघ्यावरचा हात हाइडचा. या वेळी औषधाचा थेंबही घेतलेला नाही. कादंबरी जर दानव आवरण्याचा उपदेश करत असती, तर दिवसाउजेडी, जागेपणी आपोआप होणारे हे पहिले रूपांतर तिने एखाद्या गुत्त्यात किंवा कुंटणखान्यात घडवले असते. तिने ते घडवले स्वतःच्या पुण्याची बेरीज करणाऱ्या माणसाच्या अंगावर. हाइडला आवतण देणारी गोष्ट वासना नाही. ते आवतण देते ते दुसऱ्याला कमी लेखून स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्रक.

दुसरा एक पक्ष आहे आणि तो स्वतःला अधिक शहाणा समजतो. त्याचे म्हणणे असे की दोष जेकिलचा नाहीच, व्हिक्टोरियन समाजाचा आहे. सोवळ्या समाजाने माणसाच्या नैसर्गिक इच्छा दडपल्या आणि दडपलेली वाफ हाइडच्या रूपाने फुटली. फ्रॉइडचे चार शब्द कानावर पडलेल्या पिढ्यांना हे वाचन फार आवडते. त्याच्या बाजूने एक चांगला पुरावाही आहे, तो मान्य केला पाहिजे. एका सकाळी औषधाशिवायच हाइडच्या रूपात जाग आल्यावर घाबरून जेकिल दोन महिने संयमाने राहतो. मग मोह अनावर होऊन पुन्हा प्याला उचलतो आणि पिंजऱ्यात कोंडलेला त्याचा सैतान डरकाळी फोडत बाहेर येतो. केर्यूचा जीव जातो तो त्याच रात्री. कोंडले म्हणून फुटले, असे इथे नक्की म्हणता येते.

पण त्या दोन महिन्यांत जेकिलने काय केले होते? सोहोतले हाइडचे घर त्याने सोडले नव्हते. हाइडचे कपडे प्रयोगशाळेच्या खोलीत जपून ठेवले होते. याला दमन म्हणत नाहीत. दुकान तात्पुरते बंद ठेवून किल्ली खिशात बाळगणे म्हणतात. शिवाय जेकिलला दडपणारे होते तरी कोण? बायको नाही, मूल नाही, वरिष्ठ नाही. मृत्युपत्राने हाइडला मिळायची ती मालमत्ता अडीच लाख पौंडांची. तरुणपणीचा आपला दोष तो सांगतो तो एवढाच की स्वभाव मौजेकडे ओढ घेणारा होता आणि चारचौघांत मान ताठ ठेवून वावरायची हौसही दांडगी होती. अशा गोष्टी कित्येकांनी उघड मिरवल्या असत्या, हेही तोच म्हणतो. लपवाछपवी रसायनाच्या कितीतरी वर्षे आधीची आहे. आणि सुरुवातीला केवळ अशोभनीय वाटणारी ती मौज राक्षसी होते ती हाइड जन्मल्यावर, म्हणजे किंमत मोजण्याची जबाबदारी संपल्यावर. वाफ कोंडल्याने भांडे फुटल्याची ही गोष्ट नाही; इथे भांड्याला मालकच उरलेला नाही.

जेकिल स्वतःच्या तोंडाने जे बोलून जातो, ते कुठल्याही टीकाकाराला सुचले नसते. लोक आजवर गुन्ह्यांसाठी मारेकरी भाड्याने घेत आणि स्वतःची अब्रू सुरक्षित ठेवत. मौजेसाठी तसे करणारा पहिला माणूस मी, असे तो सांगतो आणि त्या सांगण्यात किंचित अभिमानही आहे. आजच्या भाषेत त्याने स्वतःच्याच सुखाची सुपारी दिली. मुलीला तुडवल्याच्या प्रसंगातून त्याने घेतलेला धडाही पाहण्यासारखा आहे. त्या रात्री भरपाईच्या चेकवर जेकिलचे नाव घालावे लागले आणि बिंग फुटायची वेळ आली. म्हणून त्याने दुसऱ्या बँकेत हाइडच्या नावाने खाते काढले आणि आपलेच अक्षर उलट्या बाजूला झुकवून त्याला एक सही बहाल केली. लेकराचे काय झाले, याची विचारपूस कैफियतीत कुठे सापडत नाही.

स्मृती मात्र दोघांची एकच आहे. हाइडने केलेले सगळे जेकिलला आठवते, त्यामुळे दुभंगलेल्या मनाच्या आजाराची पळवाटही बंद होते. आचार्य अत्र्यांच्या 1962 च्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे कोर्टापुढे जे ठासून बोलत राहतो, तेच जेकिल स्वतःपुढे बोलतो. फरक इतकाच की लखोबाला आपण खोटे बोलतोय हे पक्के ठाऊक आहे. जेकिलच्या कैफियतीत हाइडविषयी लिहिताना ‘तो’ आणि ‘मी’ यांची सतत सरमिसळ होते आणि एका ठिकाणी तो थांबून सांगतो की इथे ‘मी’ म्हणणे मला शक्य नाही. दोषी हाइडच, एकटा हाइडच, हा दिलासा त्याने स्वतःला आधीच देऊन ठेवलेला असतो. चेस्टरटनने स्टीव्हन्सनवरच्या पुस्तकात बरोबर हेरले आहे: एक माणूस दोन निघतो, यात या कथेचा खरा घाव नाही, दोघे अखेर एकच निघतात, यात तो आहे.

लेखकाचे मतही आपल्याकडे आहे. 1887 मध्ये एका अमेरिकी पत्रकाराला लिहिलेल्या पत्रात स्टीव्हन्सन म्हणतो की अनर्थाचे मूळ जेकिलमध्ये आहे, आणि तेही तो दांभिक होता म्हणून. त्याला स्त्रियांची आवड होती म्हणून नव्हे. लोकांना वासनेपलीकडे काही सुचतच नाही, असा त्रागाही तो करतो. कैफियतीत जेकिल छातीठोक सांगतो की मी कुठल्याही अर्थाने दांभिक नव्हतो. निर्माता आणि पात्र इतके समोरासमोर उभे असताना आपण पात्राची बाजू घ्यावी, हे नवलच.

त्या पत्राला निमित्त होते रंगभूमीचे. कादंबरी जानेवारी 1886 मध्ये एका शिलिंगाला विकायला आली आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड मॅन्सफील्डने बॉस्टनमध्ये तिचे नाटक उभे केले. नाटकाला प्रेमप्रकरण हवे, म्हणून जेकिलला वाग्दत्त वधू मिळाली. वधू मिळाली म्हणून जेकिल सालस झाला. पुढे सिनेमाने तीच री ओढली. 1931 च्या चित्रपटासाठी फ्रेडरिक मार्चला ऑस्कर मिळाले, आणि 1981 मध्ये संजीव कुमारचा ‘चेहरे पे चेहरा’ही येऊन गेला. लोकांच्या डोक्यातले देव-दानव तिथून आले आहेत. आणखी एक नुकसान झाले. दोघे एकच, हे आज आपल्याला आधीच माहीत असते. 1886 च्या वाचकाला ते लॅनियनच्या निवेदनापर्यंत कळत नव्हते. त्याच्यापुढचे कोडे वेगळेच होते: एक प्रतिष्ठित डॉक्टर या गुंडाला पाठीशी का घालतो? अटरसनचा तर्क खंडणीचा, त्याचा नातलग एनफील्ड याचाही तोच. पुस्तकाचा पहिला प्रश्न माणसाच्या आत काय आहे हा नाहीच. कोण कुणाला झाकतो आहे, हा आहे.

त्या प्रश्नाने पुस्तक पुन्हा वाचले, की सज्जन मंडळी अस्वस्थ करू लागतात. पहाटे तीनच्या सुमारास हाइड मुलीला तुडवतो. एनफील्ड त्याला गचांडी धरून आणतो, पण पोलिसांत देत नाही. तुझे नाव लंडनभर बदनाम करू, अशी धमकी देऊन शंभर पौंड ठरवतो. बँक सकाळी उघडणार, म्हणून मुलीचा बाप, डॉक्टर, हाइड आणि एनफील्ड अशी सगळी मंडळी एनफील्डच्याच खोलीवर उरलेली रात्र काढतात, न्याहारी करतात आणि मिळून बँकेत जातात! स्टीव्हन्सन हे इतक्या सहज लिहून जातो की वाचकाच्या ध्यानात येऊ नये. ही हकिगत सांगून झाल्यावर एनफील्ड आणि अटरसन हातावर हात देऊन ठरवतात की यावर पुन्हा बोलायचे नाही.

अटरसन हा तर पुस्तकातला सर्वांत भला माणूस, असे सर्रास लिहिले जाते. तो भला आहेच. मित्रासाठी जीव टाकतो. पण केर्यूच्या प्रेतापाशी सापडलेली मोडकी काठी आपणच जेकिलला भेट दिली होती, हे ओळखूनही तो ते बोलत नाही. हाइडच्या म्हणून आलेल्या पत्राचे अक्षर जेकिलच्या अक्षराशी जुळते हे त्याचा कारकून गेस्ट दाखवून देतो. तेव्हा त्याच्या अंगावर काटा येतो, आणि तो पत्र तिजोरीत ठेवून देतो. लॅनियनला खुनी कोण हे डोळ्यांदेखत कळलेले असते. तोही ते लखोट्यात बंद करून जेकिल मेल्यावर किंवा नाहीसा झाल्यावरच उघडण्याची अट घालतो आणि अंथरूण धरतो. वैद्यकी व्यवसायातले गुपित, मैत्रीची भीड, चांगल्या घराची अब्रू: एकेक गुण घेतला तर वाखाणण्यासारखा आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे खुन्याला मिळालेले अभय. हाइडला जेकिलने जन्म दिला, पोसले मात्र या मंडळींच्या सभ्यपणाने.

हाइडचे प्रेत जमिनीवर पडलेले असताना, हातात जेकिलचा लखोटा धरून, अटरसन खानसामा पूलला सांगतो की या कागदाविषयी कुठे बोलू नकोस. धनी मेला असो की पळाला असो, निदान त्याची अब्रू तरी वाचवता येईल. मध्यरात्रीच्या आत परत येतो, मग पोलिसांना बोलावू, असे म्हणून तो कागद वाचायला घरी जातो. जेकिलची कैफियत मग जिथे संपते तिथेही तो हेच लिहितो की माझ्या मरणाची घटका ही. यापुढे जे घडेल ते दुसऱ्याचे, माझे नव्हे. तिथेच पुस्तक संपते. अटरसन परतला का, पोलीस आले का, ते कागद कोर्टात गेले की त्या जुन्या पत्राशेजारी तिजोरीत, यातले काहीच स्टीव्हन्सन सांगत नाही. देव-दानवांचे तात्पर्य घोकणाऱ्या वाचकाला ते विचारावेसेही वाटत नाही. त्याच्या लेखी दानव मेला आणि फाइल बंद झाली.