इंग्रजीतल्या बैलजोड्या

पाऊस मुसळधार, ऊन कडक, थंडी कडाक्याची. कुणी ‘मुसळधार ऊन’ म्हणाले तर घरातले शेंबडे पोरही हसेल. इंग्रजीतही शब्दांच्या अशाच जोड्या ठरलेल्या असतात. पावसाला ‘हेवी’, वाऱ्याला ‘स्ट्राँग’, आणि कडक चहालाही ‘स्ट्राँग’च! ‘देअर वॉज हेवी रेन लास्ट नाइट’, म्हणजे काल रात्री जोराचा पाऊस झाला.

काही जोड्यांत तर डाव्या-उजव्या बाजूही ठरलेल्या. आपण ‘कमीजास्त’ म्हणतो, इंग्रज ‘मोर ऑर लेस’ म्हणतो. जास्त आधी, कमी मागून. ‘द क्रॉप इज मोर ऑर लेस रेडी’, पीक जवळजवळ तयार आहे.

बोलताना जोडी चुकली तर फार तर कुणी हसेल. पण कागदावरची जोडी आपल्या घरात शिरते. ट्रॅक्टरच्या विम्यात ‘वेअर अँड टेअर’ असे असते. ‘वेअर’ म्हणजे कपडे घालणे, हे आपल्याला शाळेपासून पाठ; इथे मात्र या जोडीचा अर्थ वापराने होणारी झीज. ‘वेअर अँड टेअर इज नॉट कव्हर्ड’, म्हणजे नुसत्या झिजेची भरपाई नाही.

आता घरातले पासबुक काढा. खाते दोघांच्या नावे असेल तर त्यावर बहुधा ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ दिसेल: दोघांपैकी कुणीही पैसे काढावेत, आणि एक गेल्यास मागे राहिलेल्याने. पण तिथे ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर? ‘फॉर्मर’ म्हणजे ज्याचे नाव पहिले तो. तो हयात आहे तोवर सही त्याचीच चालते. समजा, पहिले नाव मालकांचे आहे आणि ते तालुक्याच्या दवाखान्यात बेशुद्ध पडले आहेत. बाईंचे नाव खात्यावर आहे, पासबुक हातात आहे, तरी आपल्या सहीने त्यांना पैसे निघत नाहीत. भगिनींनो, हा एक शब्द आजच पाहून ठेवा. बदलायचा तर दोघांच्या सह्यांनी अर्ज द्यावा लागतो, आणि तो धडधाकट असतानाच होतो.

सर्वांत अवघड जोडी कर्जाच्या कागदावर भेटते. ‘द बॉरोअर अँड द शुअरटीज शॅल बी जॉइंटली अँड सेव्हरली लायबल.’ बॉरोअर म्हणजे कर्जदार, शुअरटी म्हणजे जामीनदार. ‘सेव्हरल’ म्हणजे पुष्कळ, हे इथे विसरा. ‘जॉइंटली’ म्हणजे सगळे मिळून, ‘सेव्हरली’ म्हणजे एकेकटा. पाच जण जामीन राहिले, तेव्हा आपल्या वाट्याला पाचवा हिस्सा, असा हिशेब पारावर होतो. कागदावर होत नाही. वसुलीला येणारा पाचांपैकी कुणाही एकाकडे सगळी रक्कम मागू शकतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. एकट्याने सगळे भरले तर बाकीच्या चौघांकडून त्यांचा वाटा मागता येतो, पण तो मागत दारोदार फिरायचे आपणच. सोयऱ्याधायऱ्याला नाही म्हणणे कठीण असते, हे मलाही कळते. निदान सही करण्याआधी त्या ओळीवर बोट ठेवून साहेबांना तिचा मराठी अर्थ विचारा.

‘मेक’ आणि ‘डू’ यांच्या जोड्या पुढच्या अंकी.