तात्यांना हात लावू नका

परवा शनिवारी चार मित्र सहकुटुंब जेवायला आले होते. जेवण राहिलं बाजूला, सगळे पिंजऱ्याभोवती. "अरे, बाहेर काढ ना! लाल शर्टावर ठेव, लाल होतो का बघू!" मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा माझा आवाज जरा चढला आणि बायकोने "भात वाढू का?" करून विषय मिटवला. तेव्हा पोटात राहिलं ते इथे लिहितोय.

तात्या म्हणजे आमचा शॅमेलिऑन. जात व्हेल्ड, मूळ गाव येमेन-सौदीकडचं, सध्या मुक्काम न्यू जर्सी. डोक्यावर पगडीसारखा उंच तुरा, म्हणून तात्या. आधी ते एका कॉलेजच्या पोराकडे होते. काचेची पेटी, साधा बल्ब आणि पाण्याची वाटी. दुकानात त्याला म्हणे "नवशिक्यांसाठी उत्तम" म्हणून दिले होते. हे वाक्य विकणाऱ्याला एकदा तरी भेटायचंय मला. शॅमेलिऑन साचलेलं पाणी सहसा ओळखतसुद्धा नाही हो, पानावरचे थेंब चाटतो. यूव्हीबी किरण नसले तर अंगात डी-३ बनत नाही, डी-३ नसलं की कॅल्शियम पचत नाही, मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढायला लागतं. हाडं मऊ होतात, वाकतात. खिडकीतल्या उन्हाचा उपयोग नाही, कारण काच नेमके तेच किरण अडवते. तात्यांचा पुढचा उजवा पाय आमच्याकडे आले तेव्हाच कोपरात वाकडा होता. डॉक्टर म्हणाले, आता आणखी बिघडणार नाही एवढं बघा, सरळ होणार नाही.

आणि मी शहाणा काय केलं? पहिल्याच आठवड्यात हातावर घेऊन फोटो काढले. "आम्ही रेस्क्यू केला!" असं लिहून सगळ्यांना पाठवले. फोटोत काळपट अंगावर झळझळीत पिवळे पट्टे, काय सुंदर दिसत होते! त्यानंतर आठ दिवस तात्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. ते झळझळीत पट्टे म्हणजे सौंदर्य नव्हतं, घाबरून मारलेली बोंब होती, हे मला नंतर कळलं.

रंग बदलण्याबद्दल आपण लहानपणापासून जे ऐकलंय ते बहुतेक थापा आहेत. लाल शर्टावर लाल वगैरे होत नाही. तापमान, भीती, राग, मादी दिसणं, दुसरा नर दिसणं, यांवर रंग ठरतो. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की कातडीच्या पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो. म्हणजे बिचारा मनातलं सगळं अंगावर लिहून दाखवतो. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांना सरडा म्हणणं हा सरड्याचा अपमान आहे. असो.

मग मी सगळं उलटं केलं. जाळीचा चार फुटी उंच पिंजरा, तोही टेबलावर, कारण झाडावरच्या प्राण्याला वरून कुणी वाकून बघितलं की शिकारी वाटतो. तीन बाजूंना जुनी चादर, आत मनी प्लांट आणि जास्वंद, वर यूव्हीबीची ट्यूब (हिचा उजेड दिसत राहतो पण किरण संपतात, म्हणून तारीख लिहून ठेवायची). दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा. आणि खोलीचं दार बंद. नवव्या दिवशी दाराबाहेर "टप्" असा आवाज ऐकू आला. जीभ! कॅल्शियमची पूड लावलेला क्रिकेट गेला होता. (क्रिकेट म्हणजे रातकिडे, कुरियरने येतात. आई फोनवर म्हणाली, "पैसे देऊन किडे घेता रे?")

माझं भांडण "रेस्क्यू" या शब्दाशी आहे. आपण वाचवलं म्हणजे त्याने आपल्याला काहीतरी द्यावं, निदान खांद्यावर बसावं, असं आपण धरून चालतो. कुत्रा शेपूट तरी हलवतो. तात्या काहीही देत नाहीत. मी खोलीत शिरलो की फांदीच्या मागे सरकतात आणि एक डोळा माझ्यावर रोखतात. हे मान्य नसेल तर दत्तक घेऊच नका. कंटाळा आला की लोक बाहेर सोडून देतात. फ्लोरिडात अशा सोडलेल्यांची आणि निसटलेल्यांची पिलावळ झाडांवर राज्य करतेय.

पुण्याच्या एका मित्राचा लगेच मेसेज आला, "इकडे कुठे मिळेल रे?" बाबा रे, आपला घोयरा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, पकडणं हाच गुन्हा. परदेशी शॅमेलिऑन ठेवायचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे नोंदणी लागते. आणि विकणारा कागद दाखवत नसेल, तर तू प्राणी वाचवत नाहीयेस, त्याच्या पुढच्या खेपेचे पैसे भरतोयस.

शनिवारच्या मंडळींपैकी एकाने काल पुन्हा विचारलं, "पुढच्या वेळी फक्त दोन मिनिटं?" नाही. जाळीबाहेरून, खुर्चीत बसून, गप्प राहून बघायचं असेल तर कधीही या. तात्या तीन पाय आणि एका कोपरावर फांदी चढतात, मनी प्लांटच्या टोकाला पोचायला त्यांना तब्बल अकरा मिनिटं लागतात. मी मोजलीयेत.

चला, फवाऱ्याची वेळ झाली.